वही आधी, पाना नंतर: लष्करी वस्तू, गणवेश आणि गाड्या जमवणाऱ्यांसाठी

माझ्या हाती आलेला पहिला लष्करी ग्रेटकोट मी धुतला. कोमट पाणी, साबण, कॉलरला जरा ब्रश. वाळल्यावर तो चांगला चार बोटं आखूड झाला होता, आणि अस्तरावर शाईने लिहिलेला सैनिक क्रमांक होता तिथे नुसता निळसर डाग उरला होता. तो कोट कोणाच्या अंगावर होता हे शोधायचा एकच धागा माझ्याकडे होता आणि तो मी मोरीत सोडून दिला.

गंजाने आणि कसरीने वस्तू जातात, तशा हौशी माणसाच्या साफसफाईनेही जातात. म्हणून या लेखात पाना, ब्रश आणि रंगाचा डबा जरा उशिरा येतील. आधी बरंच पाहायचं आणि लिहायचं आहे.

आधी कुंपण घाला

‘मिलिटरीचं जे मिळेल ते’ गोळा करायला निघालात तर दोन वर्षांत घरात भंगाराचं गोदाम होतं. एक विषय धरा. एखादी रेजिमेंट, एखादी मोहीम, किंवा नुसत्या पाण्याच्या बाटल्या. फक्त सैनिकांची पत्रं आणि पगारपुस्तिका जमवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या एका कपाटात जेवढा इतिहास असतो तेवढा कधीकधी अख्ख्या शेडमध्ये नसतो. विषय अरुंद असला की नजर लवकर तयार होते. शंभर बाटल्या हाताळलेल्या माणसाला एकशेएकावी खोटी बाटली हातात घेताच खटकते.

गाडीचं स्वप्न असेल तर आधी जागा मोजा. दुसऱ्या महायुद्धातली जीप सुमारे ३.३ मीटर लांब आणि अकराशे किलोच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या गॅरेजमध्ये मावते. त्याच युद्धातला जीएमसीचा अडीच टनी ट्रक साडेसहा मीटरच्या घरात जातो. त्याचं एक चाक बदलायलाही दोन माणसं लागतात. मोटरसायकल हा मधला मार्ग. बीएसए एम-२० किंवा हार्ले डब्ल्यूएलए हजारोंनी बनल्या, त्यांची पुस्तकं मिळतात आणि इंजिन टेबलावर ठेवून खोलता येतं. रणगाड्याबद्दल एवढंच सांगतो की तो विकत घेणं हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग असतो.

पण पहिलं काम म्हणून मी कोणालाही जेरीकॅनच सुचवतो. २० लिटरचा हा इंधनाचा डबा मूळ जर्मन, १९३०च्या दशकातला. ब्रिटिश-अमेरिकन फौजांना तो इतका आवडला की त्यांनी त्याची नक्कल केली. वरच्या तीन दांड्या पाहा. भरलेला डबा एका माणसाने न्यायचा तर मधली दांडी धरायची. दोघांनी न्यायचा तर दोन्ही बाजूंच्या दांड्या. रिकामे असतील तर दोन डबे शेजारी ठेवून लगतच्या दोन दांड्या एका मुठीत येतात. अमेरिकनांनी तोंडाला झटक्यात उघडणाऱ्या झाकणाऐवजी फिरकीचं झाकण दिलं, आणि ओतायला लागणारं नळकांडं नेमकं वेळेला सापडेना. बहुतेक डब्यांवर साल आणि कारखान्याची खूण पत्र्यातच ठोकलेली असते.

या एका डब्यात पुढच्या कामाचा सगळा सराव होतो: गंज, एकावर एक चढलेले रंग, वाळलेलं रबर, पुसट आकडे. आत गंज असेल तर मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा टाका, थोडं रॉकेल घाला, झाकण लावून हलवत बसा. फक्त पेट्रोलच्या डब्याला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावू नका. वर्षानुवर्षं रिकामा असलेला डबाही आत अडकलेल्या वाफेने फुटतो.

वही

वस्तू घरात आली की पुसायच्याही आधी तिला क्रमांक द्या. वहीत तारीख, कोणाकडून घेतली, काय दिलं, मापं, वजन, दिसणारा प्रत्येक आकडा आणि शिक्का लिहा. फोटो सगळ्या बाजूंनी काढा, आतला आणि शिवणीचाही. विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत उतरवा, शेजारी ‘ऐकीव’ असं लिहा. ‘आजोबांनी शत्रूच्या अधिकाऱ्याकडून काढून घेतलं’ हे वाक्य प्रत्येक बाजारात ऐकू येतं. वहीत ते जसंच्या तसं राहू द्या, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

क्रमांक वस्तूवर कसा लिहायचा? कापडावर सुती नाडीचा छोटा तुकडा, त्यावर क्रमांक, आणि तो शिवणीच्या मार्जिनला दोन सैल टाक्यांनी. धातूवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा नखाएवढा थर द्यायचा, वाळल्यावर त्यावर शाईने लिहायचं, वर पुन्हा एक थर. ॲसिटोनच्या बोळ्याने हे सगळं केव्हाही निघतं. स्टिकर आणि चिकटपट्टी मात्र नको. तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कापडात उतरतो.

खरं की बनावट

पुस्तकं वाचा, पण त्याहून जास्त खऱ्या वस्तू हाताळा. संग्रहालयात काचेपलीकडची वस्तू पाहून आकार कळतो, वजन आणि वास कळत नाही.

काही गोष्टी मात्र लगेच शिकता येतात. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण असते. कॅनडाच्या मालावर हाच बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात, ऑस्ट्रेलियाच्या मालावर दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या मालावर ‘यू’मध्ये. ही खूण ठोकायचे पंच आज कोणीही बनवतो, म्हणून तिच्या आतली कड बघा. जुन्या ठशाच्या खोबणीतही तोच जुना रंग आणि मळ असतो. नवा ठसा आतून लखलखतो.

अमेरिकन एम-१ हेल्मेट हे नवशिक्यासाठी चांगलं पुस्तक आहे. कडेची पट्टी जिथे जुळते तो सांधा युद्धाच्या बहुतेक काळात समोर होता, तो १९४४च्या अखेरीस मागे गेला. हनुवटीच्या पट्ट्याची कडी आधी घट्ट बसवलेली असायची आणि तुटायची, म्हणून १९४३पासून हलती कडी आली. मागे सांधा आणि सोबत घट्ट कडी असं हेल्मेट ‘१९४२चं’ म्हणून कोणी पुढे केलं, तर हसून नमस्कार करा आणि पुढच्या टेबलाकडे वळा.

गणवेशात झीज कुठे आहे ते बघतो मी. माणूस कपडा वापरतो तेव्हा तो बाहीच्या काठाला, कॉलरच्या आतल्या घडीला, खिशाच्या तोंडाशी आणि काखेत विरतो. नकली कपड्याला म्हातारं करणारा माणूस तो सगळीकडे सारखाच घासतो, काखेतही आणि पाठीच्या मधोमधही. मग बिल्ला हलकेच उचलून कडेखाली पाहा. वर्षानुवर्षं शिवलेल्या बिल्ल्याखालचं कापड गडद राहिलेलं असतं आणि भोवतालचं उडालेलं. बिल्ल्याखालीही कापड तितकंच उडालेलं असेल तर बिल्ला मागाहून आलाय.

अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च सगळे जवळ बाळगतात. कापडाला शुभ्र दाखवणारी रसायनं युद्धानंतरच्या काळात सर्रास आली, त्यामुळे निळसर पांढरा चमकणारा दोरा संशयास्पद. पण हा पुरावा पक्का नाही. खरा जुना शर्ट नंतर कोणी आधुनिक पावडरने धुतला असेल तर तोही चमकतो. आणि न चमकणारा दोरा मिळवणं नकली माल करणाऱ्यांनाही आता जमतं.

ब्रिटिश पद्धतीच्या अनेक पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि तुकडी कोरलेली असते. एका माणसाचं नाव घासून दुसऱ्या, जास्त प्रसिद्ध तुकडीतल्या माणसाचं नाव घालणं हा जुना धंदा आहे. व्हर्नियर कॅलिपर घ्या. ही गोल पदकं साधारण ३६ मिलिमीटर व्यासाची असतात. कडेवर चार ठिकाणी मोजा. नावाच्या जागी व्यास कमी भरला तर तिथे कानस फिरलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिश पदकं मात्र बहुतेक सैनिकांना नावाविनाच दिली गेली, त्यामुळे कड कोरी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही.

घरात आणण्याआधी थांबा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथे चुकलं तर पुढचं वाचायला माणूस राहत नाही.

बॉम्ब, ग्रेनेड, तोफगोळा, फ्यूज यांपैकी काहीही ‘निकामी आहे’ या तोंडी हमीवर घेऊ नका. गंजलेला गोळा सुरक्षित नसतो, उलट आतलं रसायन जास्त चिडकं झालेलं असू शकतं. शेतात, पडक्या ठाण्यात असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवून लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. जुन्या रणांगणावर खोदकाम करणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आणि तिथे माणसांची हाडंही असतात.

जुनी होकायंत्रं, विमानाचे आणि गाड्यांचे गेज, मनगटी घड्याळं यांच्या काट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणजे संपला, असं समजू नका. चमकणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत थकतं, रेडियमचं अर्धायुष्य मात्र १,६०० वर्षं आहे. काच उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही, आणि अशी वस्तू झोपायच्या खोलीऐवजी हवा खेळती असलेल्या जागी ठेवायची.

गॅस मास्क तोंडाला लावून फोटो काढायचा मोह होतो. जुन्या मास्कच्या डब्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा श्वास आत ओढू नका. गाडीच्या ब्रेक लायनरमध्ये, क्लचच्या प्लेटमध्ये आणि गास्केटमध्येही तेच. ब्रेक ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय मोडा. ओल्या फडक्याने पुसा, चांगला मास्क लावा, फडकं पिशवीत बंद करा.

कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी वेगळा आहे, पण विचारायचे प्रश्न तेच. निकामी केलेलं शस्त्र बाळगायला परवाना लागतो का? गाडीवरची बंदूक नकली असली तरी चालते का? चालू सैन्याचा गणवेश नागरिकाने घालणं अनेक ठिकाणी गुन्हा आहे. जर्मनीत नाझी चिन्हं उघड मिरवता येत नाहीत, अमेरिकेत मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च लष्करी पदक विकता येत नाही. खरेदीआधी विचारा, नंतर विचारून फार उपयोग नसतो.

कापड

गणवेश धुऊ नका, इस्त्रीही करू नका. ड्रायक्लीनिंगही नको. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर पसरा, त्यावर कपडा, कपड्यावर नायलॉनची बारीक जाळी. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ सर्वांत कमी ठेवून तोंड जाळीवरून हलकेच न्या. जाळीमुळे सुटलेला धागा किंवा सैल बटण आत खेचलं जात नाही. शिवणींच्या आत, कॉलरखाली आणि खिशांच्या तळाशी जास्त वेळ द्या. अळीची रिकामी कात, वाळूसारखी विष्ठा, रेशमी धाग्याची नळी यांपैकी काहीही दिसलं तर कसर लागली आहे.

यावर उपाय फ्रीझर. कपडा पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड पक्कं बंद करा आणि उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस खोलीत तशीच राहू द्यायची. नाहीतर हवेतलं पाणी गार कापडावर बसतं आणि कसर मारता मारता बुरशीला आमंत्रण मिळतं. रंगवलेल्या, काच जडवलेल्या किंवा चामडं आणि लाकूड मिसळलेल्या वस्तूंना मात्र हा उपचार नको. डांबराच्या गोळ्या मी टाकून दिल्या. त्यांनी जुन्या प्लास्टिकच्या बटणांची वाट लागते आणि आपल्या फुफ्फुसांचंही भलं होत नाही.

ठेवायला दमट आणि गरम दोन्ही नको. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. ६५च्या वर सरकली की बुरशी येते. कपाटात स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि त्याचा आकडा वहीत उतरवत जा. जड कोट हँगरला टांगायचा असेल तर हँगरला पॉलिएस्टरचा कापूस आणि धुतलेलं मलमल गुंडाळून खांदा रुंद करा. नाहीतर सगळा भार दोन टोकांवर येतो आणि तिथे कापड फाटतं. फार जीर्ण कपडा आडवा ठेवा, घड्यांमध्ये आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या भरा. वर्तमानपत्र नको, त्यातलं आम्ल कापडात उतरतं. प्रदर्शनात प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर नको. संग्रहालयातल्या गणवेशांच्या खोल्या अंधाऱ्या वाटतात, त्याचं कारण हेच.

भोक दिसलं की रफू करायचा हात शिवशिवतो. त्याआधी विचार करा, भोक केव्हाचं आहे? सैनिकाने स्वतः जाड दोऱ्याने घातलेला वाकडा टाका कधीच उसवू नका. आधार द्यायचाच असेल तर मागून जुळत्या रंगाचं कापड लावा आणि ते केव्हाही काढता येईल अशा सैल टाक्यांनी धरा.

चामडं, पितळ, पदकं, कागद

चामड्याच्या पट्ट्यावर पितळी रिव्हेटभोवती हिरवट, मेणासारखा थर येतो. चामड्यातली चरबी आणि पितळातलं तांबं यांची ती जुनी भांडाभांडी. लाकडी टूथपिकने तो हळूच खरवडा, कोरड्या कापसाने पुसा, झालं. तेल चोपडू नका. तेलाने चामडं दोन दिवस छान दिसतं, मग काळं पडतं, धूळ धरतं आणि शिवण कुजते. हाताला विटकरी भुकटी लागत असेल तर चामड्याला लाल कूज लागली आहे. तिथे तेल तर नकोच, त्यासाठी क्लुसेल-जी नावाचं द्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात.

पदकांना ब्रासो लावणाऱ्यांशी माझं वर्षानुवर्षं भांडण आहे. प्रत्येक पॉलिश म्हणजे कोरलेल्या नावाचा एक थर कमी. चांदीचं पदक लोकरीच्या कपड्याला आणि रबराला लागून ठेवलं तर काळं पडतं, कारण दोन्हींत गंधक असतं. ते वेगळं ठेवलं की पॉलिशची गरजच पडत नाही. रिबन जीर्ण असली तरी मूळ असेल तर जपून ठेवा आणि दाखवायला नवी लावा.

जुन्या गॉगलच्या काचेला व्हिनेगरचा किंवा कापराचा वास आला तर ती काच नसून सेल्युलोज प्लास्टिक आहे आणि ते सडायला लागलंय. त्यातून आम्ल सुटतं, शेजारचा धातू खातं. ती वस्तू लगेच वेगळी, उघड्या हवेत ठेवा. कापराच्या वासाचं सेल्युलॉइड भडकन पेटतं, हेही ध्यानात असू द्या.

पत्रं आणि फोटो स्कॅन करा, पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने. लॅमिनेशन केलेलं पत्र परत सोडवता येत नाही.

गाडी

पहिली खरेदी पुस्तकाची करा. अमेरिकन जीपसाठी १९४४चं टीएम ९-८०३ हे लष्करी मॅन्युअल आहे. त्याची पुनर्मुद्रणं मिळतात आणि ते शिकाऊ मेकॅनिकला समजेल अशा भाषेत आहे. पॉइंटचं (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या टोकांचं) अंतर ०.०२० इंच, प्लगचं ०.०३० इंच, फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२, अशा गोष्टी ऐकीव माहितीवर करायच्या नसतात.

मग ओळख. युद्धकाळात जीप विलीज आणि फोर्ड अशा दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त बनवल्या. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. पुढून वाकून रेडिएटरखालचा चॅसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, आडवा दांडा बघा. विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या ‘यू’सारखा चौकोनी. फोर्डने बोल्टच्या डोक्यावरही आपलं ‘एफ’ अक्षर ठोकलं. पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. सात दिसल्या तर ती युद्धानंतरची नागरी जीप, किंवा तिची जाळी लावलेली आणखी काहीतरी. ऐंशी वर्षांत इंजिन एकाचं, चॅसिस दुसऱ्याची, पत्रा तिसऱ्याचा असं सर्रास झालेलं आहे. त्यात कमीपणा नाही, सैन्याच्या वर्कशॉपमध्येही तेच चालायचं. फक्त पैसे देताना आपण काय घेतोय ते माहीत असावं.

पाहणी करताना रंगाकडे बघू नका. स्क्रूड्रायव्हर घेऊन चॅसिसच्या खाली झोपा. स्प्रिंगच्या हँगरजवळ, आडव्या दांड्यांच्या सांध्यांशी आणि मागच्या कोपऱ्यातल्या टूलबॉक्सच्या तळाशी टोचा. पत्रा नवा मिळतो, वाकलेली चॅसिस सरळ करणं वेगळंच प्रकरण. कागदपत्रांवरचा चॅसिस क्रमांक आणि ठोकलेला क्रमांक जुळत नसेल तर तिथूनच परत फिरा.

*रंगाचे थर.* सँड ब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग-गंज उडवायला, पाठवायच्या आधी एक आठवडा या कामाला द्या, सगळ्या छंदातला मला आवडणारा आठवडा हाच. बॉनेटची बाजू, मागचा आणि पुढचा बंपर, या जागी सैन्याने रंगवलेले आकडे असतात. ८०० नंबरचा वॉटर पेपर, साबणाचं पाणी, आणि तळहाताएवढी जागा. गोल गोल, दाब न देता. वरचा चकचकीत हिरवा जातो, त्याखाली कोणा शेतकऱ्याने लावलेला लाल, मग एखादा पांढरा, मग फिक्कट ऑलिव्ह. इथे वेग निम्मा करा आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी पुसून बघा. पहिल्यांदा आकडा दिसत नाही, आकड्याची कड दिसते, शाईच्या डागासारखी. सुरुवातीच्या अमेरिकन गाड्यांवर आकडे पांढरे नसून निळसर करड्या रंगाचे होते आणि हिरव्यावर ते नजरेतून सहज सुटतात, म्हणून तिरक्या उजेडात बघा. दिसलं की थांबा. ट्रेसिंग पेपर ठेवून अक्षरांची उंची, अंतर, वळण उतरवा, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो घ्या. माझ्या जीपच्या बॉनेटवर एका आकड्याखाली दुसरा आकडा निघाला. कोणीतरी चुकीचा लिहून घाईत दुरुस्त केला होता. पुन्हा रंगवताना तो खालचा आकडाही मी पुसट ठेवला आहे.

*खोलणं.* एका वेळी एकच भाग खोला. प्रत्येक नटबोल्टची वेगळी पिशवी, पिशवीत चिठ्ठी, वहीत फोटोचा क्रमांक. अडकलेला बोल्ट असेल तर भेदक तेल लावून दोन दिवस सोडा, मग नट तापवा, मग पाना. घाईने तोडलेला स्टड काढायला आख्खा दिवस जातो. आणि एक लक्षात ठेवा: जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. ते न कळल्याने लोक पाइप लावून, त्यावर उभं राहून ते आणखी आवळतात.

चाकांची गोष्ट निघालीच आहे तर ठणकावून सांगतो. लष्करी गाड्यांच्या अनेक रिमा दोन भागांच्या, बोल्टने जोडलेल्या किंवा मोठ्या ट्रकवर कडी बसवलेल्या असतात. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सैल केले किंवा कडी सुटली, तर रिमचा भाग तोफगोळ्यासारखा उडतो. यात माणसं मेली आहेत. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, व्हॉल्व्हमधून तार घालून खात्री करा, मगच पाना. हवा भरायचं काम लोखंडी पिंजऱ्यात, किंवा तो असलेल्या टायरवाल्याकडे करा.

*गंज.* चॅसिस आणि ॲक्सल ब्लास्टिंगला पाठवा. पातळ पत्रा पाठवू नका, तो लाटांसारखा होतो. लहान भागांसाठी विजेची पद्धत छान. प्लास्टिकच्या टपात पाणी, चार लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार लोखंडाच्या टाकाऊ पट्टीला. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. रात्रभरात गंजाचा काळा चिखल होतो, तो ब्रशने निघतो आणि खालचा चांगला धातू शाबूत राहतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येतं. ॲल्युमिनियम यात घालायचं नाही, स्प्रिंगाही नाहीत. स्प्रिंगचं पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होतं.

*इंजिन.* वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून चावी मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, चारपाच दिवस थांबा. मग इंजिन फिरवायचं हँडल हाताने, हळू. फिरलं तर अर्धी लढाई झाली. अडलं तर जोर नको, आणखी तेल, आणखी दिवस. ऑइल पॅन उतरवून तळाचा डांबरासारखा गाळ काढा. टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निश झालेलं असतं, म्हणून पहिल्यांदा वेगळ्या छोट्या डब्यातून पेट्रोल द्या. जीपचं हे इंजिन २.२ लिटरचं, साइड व्हॉल्व्हचं, ६० हॉर्सपॉवरचं आणि कमी दाबाचं आहे. त्या काळच्या हलक्या पेट्रोलवर चालायला बनवलेलं, त्यामुळे आजच्या पेट्रोलवर ते तक्रार करत नाही. सुरू झाल्याबरोबर आवाज ऐकत बसू नका, ऑइल प्रेशरचा काटा बघा. काही सेकंदांत हलला नाही तर बंद करा.

युद्धकाळातल्या जीपची वायरिंग सहा व्होल्टची आहे. बारा व्होल्ट करा, असा सल्ला तुम्हाला पाच जण देतील. सहा व्होल्टचा स्टार्टर रेंगाळतो त्याचं कारण बहुधा बारीक केबल आणि गंजलेलं अर्थिंग असतं. जाड केबल लावा, अर्थचा सांधा चकचकीत घासा, मग ठरवा.

*ब्रेक* मात्र पूर्ण नवे करा, इथे जुनेपणाचा हट्ट नको. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, होज, नळ्या. जीपला ब्रेकची एकच लाइन असते. कुठेही गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो, आणि हँडब्रेक चाकाला नसून गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टला धरतो. सिलिकॉन ब्रेक ऑइल आणि साधं ब्रेक ऑइल एकत्र मिसळू नका.

*रंग* शेवटी. मॅट रंग पाणी पितो, म्हणून खालचा प्रायमर भरभक्कम हवा. ऑलिव्ह ड्रॅब या मळकट हिरव्या लष्करी रंगाची छटा वादाचा विषय आहे आणि त्यावर मैत्र्या तुटल्या आहेत. मी गाडीच्या डॅशबोर्डमागे, ऊन न लागलेल्या जागी सापडलेल्या मूळ रंगाशी जुळवतो आणि वाद घालणाऱ्याला तिथे टॉर्च मारून दाखवतो. सापडलेला मूळ रंगाचा एखादा चौरस तसाच राखून ठेवा, वर काहीही न लावता. आकडे ट्रेसिंगवरून, स्टेन्सिलचे मूळ पूल (आकड्याच्या तुकड्यांमधल्या कोऱ्या पट्ट्या) तुटलेले असतील तर तसेच.

पहिली फेरी रिकाम्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, आधी फक्त ब्रेक मारून बघायला. परत आल्यावर चारही ड्रमला हात लावा. एकच तापलेला असेल तर तिथे ब्रेक धरून बसतोय. ५० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट, स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि स्टिअरिंगचे सांधे पुन्हा आवळा, इंजिन ऑइल बदला. जुनं ऑइल ओतताना त्यात चुंबक फिरवा आणि त्याला काय चिकटलं ते वहीत लिहा.